हलणारा केस आधी

कामाला हात लावायच्या आधी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर फुंकर मारायची.

धूळ झटकायला नव्हे. पडदा ती सकाळी आल्या आल्या पुसून ठेवायचीच. नवरीचा फोटो उघडायची, तोंड जवळ न्यायची आणि गरम दुधावरची साय बाजूला सारावी तशी हलकी फुंकर मारून फोटोतल्या केसांकडे बघत बसायची. पहिल्यांदा बघणारं गिऱ्हाईक हसायचं. मग ती मान न वळवता म्हणायची, "हलणारा केस आधी सोडवायचा. बसलेला कुठं पळून जात न्हाय."

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. जुनं नाव तिनं स्वतःच सोडून दिलं आणि नवं अजून माझ्या तोंडात बसत नाही. दुकानात आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असूनही. तेव्हा इथंही ती आक्काच. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी तिच्यावर जळत होतो. थोडंथोडकं नाही, आठ वर्षं, रोज. रविवारी दुकानाला सुट्टी असायची, तेव्हा घरी बसून जळायचो.

निपाणीत बेळगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर आप्पांचा स्टुडिओ आहे. पुढं फोटो, मागं फ्लेक्स छापायचं मशीन. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फलक, देवळाच्या उत्सवाचे फलक, नेत्यांचे फलक, सगळं आमच्याकडं होतं. यात मुख्य काम कटिंगचं. म्हणजे फोटोतल्या माणसाला त्याच्या मागच्या भिंतीपासून वेगळं करायचं आणि दुसरीकडं नेऊन उभं करायचं. मंडपात घामाघूम झालेली नवरी बर्फाच्या डोंगरापुढं उभी दिसते ती आमच्या कृपेनं. खांदे, हात, पदर, हे कुणालाही कापता येतं. माणूस अडतो तो केसांत. दोन केसांच्या मधून मागचा लाल पडदा दिसत असतो. तो लाल रंग काढायचा आणि केस मात्र ठेवायचा, हे सोपं नसतं. ज्याला जमत नाही तो डोक्याच्या कडेनं सरळ कापत जातो आणि नवरी हेल्मेट घातल्यासारखी दिसते. चौकात तुम्हीही अशा हेल्मेटवाल्या नवऱ्या आणि नवरदेव बघितले असतील. त्यातले काही माझे असतील.

पण हे मी आता म्हणतो. त्या वेळी मी निपाणीतला नंबर एकचा कटिंगवाला होतो, निदान माझ्या मते. नऊ वर्षं तेच काम केलं होतं. दुकानात एकच मोठा, चांगला पडदा होता, खिडकीशेजारी. तो माझा होता. त्याच्यासमोरच्या खुर्चीवर आप्पासुद्धा मला विचारून बसत.

आक्काला आप्पांनी घेतलं ते कन्नडसाठी. आमच्याकडं फलकावर वर कन्नड लागतं, खाली मराठी. बोलायला मला कन्नड भरपूर येतं, बाजारात निम्मं आयुष्य त्यातच गेलं. लिहायला बसलो की मात्र माझी गाडी चिखलात रुतते. ती चिकोडीकडच्या एका खेड्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. घरात कन्नड, दारात मराठी. बेळगावात कसलासा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसली, आणि बसायच्या आधी माउसखालचा पॅड उचलून हलक्या हातानं झटकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मुंगी हाय का बघत हुते, अण्णा. माउसखाली चिरडंल."

मी मनात म्हटलं, ही बाई इथं चार दिवस टिकायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात वडगावची नवरी आली. म्हणजे तिचा फोटो आला. बेळगावच्या वडगावातलं विणकराचं घर, गच्चीवर वाऱ्यात काढलेला फोटो, आणि पोरीचे केस कुरळे, मोकळे. मागं वाळत घातलेल्या साड्या. त्या साड्या काढून तिथं सूर्यफुलांचं शेत पाहिजे होतं. मी दोन दिवस झटलो. शेवटी आप्पांना सांगून टाकलं, "ह्या फोटोत हुणार न्हाय. दुसरा आणाय सांगा."

कोपऱ्यातून आवाज आला, "अण्णा, मी बघू का?"

मी मोठ्या मनानं म्हणालो, "बघ की." आणि जेवायला गेलो. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कुणी त्या वेळी म्हटलं नाही. जेवून आलो तर ती माझ्या खुर्चीवर होती आणि पडद्यावर फुंकर मारत होती. तिनं काय केलं ते मी मागं उभा राहून बघितलं. मी डोक्याकडून बाहेर येत होतो. ती बाहेरून आत जात होती. सगळ्यात लांब उडालेला, एकटा पडलेला केस आधी धरायचा, त्याच्या मागनं जात जात मुळाशी पोचायचं. तीन वाजता ती नवरी सूर्यफुलांत उभी होती आणि तिच्या कुरळ्या केसांच्या प्रत्येक वेटोळ्यातून पिवळी फुलं दिसत होती.

संध्याकाळी नवरीचा बाप अल्बम बघायला आला. जन्मभर मागावर बसलेला माणूस. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला आणि म्हणाला, "एक धागा तुटला न्हाय कुठं."

नऊ वर्षांत माझ्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या सोमवारी आप्पा माझ्याजवळ आले, उगीच घसा साफ केला आणि म्हणाले, "शिवा, तू जरा कोपऱ्यात बसतोस का? खिडकीकडचं तिला दे. तुला काय, कुठंबी जमतंय."

कुठंही जमतं म्हणून मी कोपऱ्यात गेलो. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आठ वर्षं थांबलं नाही.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून ती साडेपाचच्या बसनं घरी जायची. ती गेली रे गेली की मी खिडकीशेजारी जाऊन तिच्या फायली उघडायचो. फोटो चौपट मोठा करायचो, आठपट मोठा करायचो, कुठंतरी एखादा केस अर्ध्यात तुटलेला सापडेल म्हणून. एकदा सापडला. मला इतका आनंद झाला की मी आप्पांना हाक मारणार होतो. मग मूळ फोटो बघितला. त्या पोरीचा तो केस खरंच तुटलेला होता. आक्कानं तोही तसाच ठेवला होता.

घरी मी सराव सुरू केला. बायकोला न्हाऊन आल्यावर केस मोकळे सोडून पिवळ्या भिंतीपुढं उभं केलं आणि पंखा लावून फोटो काढले. पहिल्या दिवशी ती लाजली. चौथ्या दिवशी तिनं कंगवा कॉटवर आपटला.

"लगीन झाल्यापासनं माझ्या केसाकडं कवा बघितलं न्हाईसा. आनि आता रोज? कोन हाय ती आक्का?"

मी खरं ते सांगितलं. तर ती हसून हसून खाली बसली. "म्हंजे तुमचं बाईसाठी न्हाय, बाईच्या माउससाठी जळतंय व्हय!" पुढं तिनं हे माझ्या मेहुण्यांनाही सांगितलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. ते बायकोलाही सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. आक्काचं स्वतःचं काम मनासारखं झालं की ती खुर्ची मागं सरकवायची आणि एकच शब्द म्हणायची, "सुटलं." बस. बेळगावचा एक फोटोग्राफर कधी कधी काम घेऊन यायचा, त्याच्या एका फोटोलाही तिनं एकदा "सुटलं" म्हटलं होतं. मी माझं काम झालं की तिला बोलवायचो, अगदी सहज बोलावल्यासारखं. "आक्का, बघ गं जरा." ती यायची, वाकायची, फुंकर मारायची, बघायची. आणि म्हणायची, "बरं हाय, अण्णा."

बरं हाय! आठ वर्षांत तिनं मला एकदाही वाईट म्हटलं नाही, कधी शिकवायला आली नाही, कधी नाक मुरडलं नाही. फक्त "बरं हाय". मला तिच्याकडून तो दुसरा शब्द पाहिजे होता. गिऱ्हाईक खूश झालं, आप्पा खूश झाले, तरी मला त्याचं काही नव्हतं. तिनं एकदा खुर्ची मागं सरकवून माझ्या कामाला "सुटलं" म्हणावं, एवढ्यासाठी मी डोळे फोडून घेत होतो.

मग बटण आलं. तुम्हाला माहीत असेल, आता कॉम्प्युटरलाच सांगता येतं, माणूस वेगळा कर म्हणून. एक बटण दाबलं की तो केसांसकट माणूस सोडवून देतो. ज्या दिवशी ते आमच्या मशीनवर आलं त्या दिवशी मी पेढे वाटायचे बाकी ठेवले. आता ती आणि मी सारखेच! मी तिच्यासमोर मुद्दाम तीन नवऱ्या लागोपाठ कापून दाखवल्या.

"बघ आक्का. आता फुंकर माराय नको, काय नको."

मला वाटलं तिचा चेहरा पडेल. ती टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. "लई बरं झालं की अण्णा! किती डोळं दुखत हुतं." आणि खरोखरच आनंदानं ती कन्नड टाइप करायला बसली. माझा मात्र तिळपापड झाला. जे जाऊ नये म्हणून मी रात्रंदिवस धडपडलो असतो ते हिच्या हातातून जात होतं आणि हिला त्याचं काहीच नव्हतं. शिवाय बटण गजऱ्यात फसायचं, मुंडावळ्यांत फसायचं. अबोलीच्या फुलालाच केस समजून निम्मं खायचं. मग गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "आक्का हाईत का?"

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

गावात एका दिगंबर महाराजांचा मंगल प्रवेश होता. म्हणजे महाराज चालत चालत येणार, त्यांचं स्वागत होणार, आणि त्यासाठी चौकात मोठा फलक लागणार. जैन देवळाच्या कमिटीकडून फोनवर दोन फोटो आले तेव्हा आक्का साडेपाचच्या बसनं गेलेली होती आणि आप्पा बेळगावला होते. एका फोटोत महाराजांचं डोकं नुसतं खरखरीत होतं. दुसऱ्या, जुन्या फोटोत केस चांगले वाढलेले, वाऱ्यानं थोडे उडालेले. मी दुसरा घेतला. ज्यात केसच नाहीत त्यात माझी कला कुठं दिसणार? मी बटणाला हात लावला नाही. बाहेरून आत, आक्काच्या पद्धतीनं, एकेक केस सोडवला. जिथं विरळ वाटले तिथं ब्रशनं भरले. सकाळी सातच्या आत फलक चौकात लागला, आणि मी दोन वेळा त्याच्याखालून चालत गेलो. आक्का बसनं येताना तो बघणारच होती.

नऊ वाजता कमिटीची चार माणसं दुकानात आली. पुढं काका होते. काका म्हणजे तंबाखूचे मोठे व्यापारी, देवळाचं सगळं तेच बघायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या दिवशी चढवला.

"आप्पा, महाराजांचा लोच होऊन चार दिस झाले. आनि चौकात महाराजांच्या डोस्क्यावर हे एवढं रान? लोक काय म्हंतील? लोच चुकवला म्हंतील!"

आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण तुमच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दिगंबर मुनी केस कापत नाहीत. दोन-चार महिन्यांनी स्वतःच्या हातांनी उपटून काढतात. त्याला लोच म्हणतात. ते व्रत आहे. आणि मी त्या व्रताच्या जागी, वीस फूट उंचीवर, माझ्या ब्रशनं केस भरले होते.

"कुनी केलंय हे?" आप्पांनी विचारलं.

मी मूग गिळून बसलो. मला बोलायचं होतं असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही. मला बोलायचं नव्हतं. आक्का नुकतीच आत आली होती, पर्स खांद्यावरच होती.

"माझ्याकडनं झालं, आप्पा," ती म्हणाली.

काका तिच्याकडं वळले. थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडंही बघितल्यासारखं वाटलं. "जैनाची पोरगी तू," ते म्हणाले. "तुला कळू न्हाय?" ती मान खाली घालून उभी राहिली. बाराच्या आत तिनं नवा फलक करून दिला. महाराजांच्या डोक्यावरची नुकती उगवणारी खरखर, आणि हातातल्या मोरपिसांच्या पिंछीचा एकेक तंतू. बघणारे त्या पिंछीखाली थांबून हात जोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डबा उघडला नाही.

"का गं?"

"उपास हाय."

कशाचा ते मी विचारलं नाही. मी माझी भाजीभाकरी खाल्ली. आठवड्यानं मात्र राहवलं नाही, विचारलंच, "तू का घेतलंस अंगावर?"

ती टाइप करत होती, थांबली नाही. "तुमी बोलत नव्हता. आप्पा वाट बघत हुते. कुनीतरी बोलाय पायजे हुतं की." एवढंच. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मी आणखी जळालो. केसांत ती माझ्यापुढं होतीच, आता चांगुलपणातही गेली. मी कशात पुढं राहायचं?

पुढच्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि माताजींच्या, म्हणजे जैन साध्वींच्या, संघाबरोबर राहायला गेली. घरच्यांनी लग्नासाठी स्थळं बघितली होती, तिनं नको म्हटलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी मी माझं सामान खिडकीशेजारी हलवलं. माउसखालचा तिचा पॅड तेवढा तसाच राहिला.

तीन वर्षांनी ती एकदा आली. आठ दिवसांवर दीक्षा होती. दीक्षेआधी सगळ्यांची क्षमा मागतात, म्हणून ती भावाला घेऊन घरोघरी, दुकानोदुकानी फिरत होती. पांढरी साडी, आणि पाठीवर कमरेपर्यंत वेणी. आठ वर्षं एका खोलीत काम केलं, पण तिचे स्वतःचे केस मी कधी नीट बघितले नव्हते. ती आप्पांसमोर उभी राहिली, मग माझ्यासमोर आली आणि हात जोडले.

"अण्णा, माझ्याकडनं मनानं, बोलन्यानं, कशानंबी काय दुखलं असंल तर क्षमा करा."

बघा, कुणी कुणाची क्षमा मागत होतं! मला ते सगळं आठवत होतं. तो फलक, ते मूग गिळणं, तिचा न उघडलेला डबा. दुकानात आप्पा होते, तिचा भाऊ होता, दोन गिऱ्हाइकं होती. आणि मी काय म्हणालो? "असू दे, असू दे." जसं काही खरंच तिचं काही चुकलं होतं आणि मी ते सोडून देत होतो.

माझ्या पडद्यावर एक नवरी अर्धी कापलेली होती. आक्काची नजर तिकडं गेली. मी खुर्ची बाजूला सरकवली, तिला वाकायला जागा व्हावी म्हणून. ती वाकली नाही. हात तसेच जोडलेले ठेवून वळली आणि पुढच्या दुकानाकडं गेली.

दीक्षेच्या फलकाचं काम आमच्याकडंच आलं. वेणी सोडलेला, मोकळ्या केसांचा तिचा फोटो घरच्यांनी दिला होता. मी तीन दिवस दुसरं काही केलं नाही. बाहेरून आत, एकेक केस. ती नवरीसारखी सजवलेली, रथात बसून त्या फलकाखालून गेली. मी खाली गर्दीत उभा होतो. तिनं वर बघितलं नाही.

मग मांडवात लोच सुरू झाला. डोक्याला राख लावलेली, आणि केस मुठीमुठीनं निघत होते. घरच्या बायका पदर पसरून ते झेलत होत्या आणि रडत होत्या. ती शांत होती. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "लई धीराची हाय." मी मान हलवली. खरं सांगतो, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. जे मला जन्मात जमलं नाही ते तिला जमलं होतं, आणि जमलेलं सगळं ती मागं न बघता टाकून निघाली होती. मला तर एक खुर्चीसुद्धा सोडवत नाही. मी प्रसाद न घेताच बस धरली.

परवा काका दुकानात आले. आता काठी घेऊन चालतात. माताजी, म्हणजे आमची आक्का, पायी विहार करत निपाणीवरून पुढं जाणार आहेत. दोन दिवसांचा मुक्काम, चौकात स्वागताचा फलक पाहिजे.

"शिवा, नीट कर बाबा," काका म्हणाले. "महाराजांच्या खेपंसारखा घोटाळा नको."

आप्पा आत मशीनजवळ होते. मी उठून उभा राहिलो. "काका, मागचा घोटाळा आक्कांचा नव्हता. तो फलक मी केल्ता. त्यांनी उगंच माझ्यापायी बोलनं खाल्लं."

मला वाटलं होतं, काका रागावतील. नाहीतर निदान दचकतील. त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि खुर्चीत बसले.

"ठाऊक हाय की रं."

"कुनी सांगितलं? आक्कांनी?"

"ती कशाला सांगंल? पन्नास वर्सं तंबाखूचं पान बघतोय मी. पान हातात घिऊन कुठल्या शिवारातलं ते सांगतो. केस कुनाच्या हातचं हाईत ते कळू न्हाय व्हय मला?" मग माझा चेहरा बघून त्यांना जरा वाईट वाटलं असावं. "आरं, ते केस असे जाड, एकाला एक चिकटलेले. आक्का असं करंल व्हय? सगळ्या कमिटीनं तवाच वळखलंतं."

"मग तिला का बोललासा?"

"तिनं अंगावर घेतलं म्हनून. कुनी असं घेत असंल तर घिऊ द्यावं, मोडू न्हाई." ते उठले. "तुजं मन कवा हलतंय ते बघत हुतो मी. लई वर्सं लावलास."

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. ज्या गुपिताखाली मी इतकी वर्षं वाकून चालत होतो ते गुपित माझ्याच हातानं वीस फूट उंच फलकावर लिहून लावलं होतं. आणि कळलं होतं ते एवढ्यामुळंच, की माझे केस तिच्यासारखे नव्हते. माझी बायको हे ऐकून हसली नाही. तिनं फक्त मला चहा आणून दिला.

आज सकाळी माताजींचा फोटो आला. पांढरी साडी, केस नाहीत, तोंडावर तेच, टाइप करताना असायचं ते लक्ष. मी बटण दाबलं. डोकं, कान, खांदे, सगळं दोन मिनिटांत वेगळं झालं. एवढं सोपं कटिंग मी आयुष्यात केलं नाही. पण हातात पिंछी होती, आणि मोरपिसांच्या कडा बटणानं खाऊन टाकल्या होत्या. मी ते पुसून टाकलं. माउसखालचा पॅड उचलून झटकला. मग सगळ्यात लांब उडालेल्या, एकट्या पडलेल्या तंतूपासून सुरुवात केली आणि आत आत गेलो. दुपारी आप्पांनी जेवायला हाक मारली तेव्हा अर्धी पिंछी झाली होती. चार वाजता पूर्ण झाली.

माताजी आता रस्त्यानं जाताना खाली, पायापुढच्या चार हात जमिनीकडं बघून चालतात. त्या फलकाकडं बघणार नाहीत, हे मला माहीत आहे. दुकानात तर येणारच नाहीत. आल्या तरी मी त्यांना "बघ गं जरा" म्हणू शकणार नाही.

मी पडद्याजवळ तोंड नेलं आणि हलकी फुंकर मारली. दारातलं गिऱ्हाईक हसलं. मी एकेक पीस बघत गेलो. डावीकडं, खालच्या बाजूला, दोन तंतू अजून एकाला एक चिकटलेले होते.

"बरं हाय, अण्णा," मी म्हणालो, आणि खुर्ची पुन्हा पुढं ओढली.